हुकूम आणि तोतया

तोफखान्याच्या सरदाराची परीक्षा घ्यायची म्हणून दर वेळी खरी तोफ कोणी डागीत नाही. मग दुसऱ्याला हुकूम देणाराची परीक्षा घ्यावी तरी कशी? संगणकाच्या इतिहासात हाच पेच पडला होता.

१९६० च्या दशकाच्या मध्यावर लुई पुझँ या फ्रेंच तंत्रज्ञाने, माणसाच्या आज्ञा ऐकून यंत्राकडून कामे करवून घेणाऱ्या प्रोग्रॅमला ‘शेल’, म्हणजे कवच, असे नाव दिले. १९७१ साली युनिक्सबरोबर केन थॉम्प्सन यांचे शेल आले, १९७९ साली स्टीफन बोर्न यांचे. पुढे माणसांप्रमाणे प्रोग्रॅमही शेलला हुकूम सोडू लागले. शेल मोठे आज्ञाधारक! ‘पूस’ म्हटले की पुसते, ‘का?’ म्हणून विचारीत नाही.

१९९४ साली केंट बेक यांनी प्रोग्रॅमचा एकेक भाग सुटा करून तपासण्याची पद्धत मांडली. १९९७ साली त्यांनी व एरिक गामा यांनी झुरिकहून अटलांटाला जाताना, विमानातच, जावा भाषेसाठी तिचे साधन रचले. पण पुसण्याचा हुकूम तपासताना खरोखरच पुसले गेले तर? यावर २००० साली मॅकिनन, फ्रीमन आणि क्रेग यांनी एका निबंधात खऱ्या सोबत्याच्या जागी तोतया बसविण्याची रीत मांडली. शेलचा तोतया हुकूम ऐकतो, चोपडीत टिपतो, पाळीत मात्र नाही. परीक्षकाने नंतर चोपडी वाचावी.

याचे मोल जानेवारी २०१५ मध्ये दिसले. ‘स्टीम’ या खेळांच्या प्रोग्रॅमच्या लिनक्स आवृत्तीत, पुसण्याच्या हुकुमात फोल्डरच्या नावाची जागा एका प्रसंगी रिकामी राहिली. ‘या फोल्डरातले सारे पूस’ याचे ‘मुळापासून सारे पूस’ असे झाले, आणि एका गृहस्थाच्या सगळ्या फायली गेल्या. तोतयापुढे रिकाम्या नावाची एक तालीम झाली असती, तर तो भयंकर हुकूम चोपडीत आधीच वाचावयास मिळाला असता.

तरी एक सावधगिरी हवी. फायलीच्या नावात मोकळी जागा असली आणि ते अवतरणचिन्हांत नसले, तर खरे शेल एका नावाची दोन नावे करते. तोतयाला हे ठाऊक नसते. त्याला परीक्षकाने पढविले तेवढेच येते. म्हणून शेवटची एक तालीम, तात्पुरत्या रिकाम्या फोल्डरात का होईना, खऱ्या शेलसमोरच व्हावी.

पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंच्या तोतयाने केवढा गोंधळ उडविला, हे आपण जाणतोच. तोतया तालमीपुरता ठेवावा. त्याला गादीवर बसवू नये.