एचडीआर छायाचित्रणाची संगणकीय साधने : एक ऐतिहासिक व तुलनात्मक अभ्यास

प्रस्तावना :
लख्ख आकाश आणि गडद सावली मानवी डोळ्यास एकाच दृश्यात दिसतात. कॅमेऱ्यास मात्र बहुधा दोहोंपैकी एकाची निवड करावी लागते. ही मर्यादा ओलांडण्यासाठी निरनिराळ्या एक्सपोजरची छायाचित्रे एकत्र करण्याच्या तंत्रास हाय डायनॅमिक रेंज, अर्थात एचडीआर छायाचित्रण म्हणतात. प्रस्तुत निबंधात या तंत्राच्या काही प्रमुख सॉफ्टवेअरची तुलना केली असून, उजेड-सावलीचा निर्णय कोण घेतो, हा निकष मानला आहे.

पूर्वपीठिका :
हे तंत्र संगणकापूर्वीचे आहे. तत्कालीन कोलोडियन काचा निळ्या प्रकाशास अधिक संवेदनशील असल्याने आकाश पांढरेफटक येत असे. म्हणून १८५० च्या दशकात फ्रेंच छायाचित्रकार गुस्ताव्ह ल ग्रे याने आकाश व समुद्र यांच्या स्वतंत्र निगेटिव्हवरून काही चित्रे सिद्ध केली. तेथे निर्णय सर्वस्वी त्याचा होता. पुढे १९९५ मध्ये स्टीव्ह मॅन व रोझलिंड पिकार्ड यांनी आणि १९९७ मध्ये पॉल डेबेव्हेक व जितेंद्र मलिक यांनी अनेक एक्सपोजरवरून दृश्यातील प्रकाशाची सापेक्ष मापे मिळविण्याच्या पद्धती मांडल्या.

साधनांची तुलना :
डेबेव्हेक यांच्या संशोधनातून आलेल्या 'एचडीआर शॉप'चा भर मापनावर होता. २००३ मधील 'फोटोमॅटिक्स'ने हे तंत्र छायाचित्रकारांच्या हाती दिले. त्यात बारकावे ठळक होत. परंतु अतिरेक झाल्यास वस्तूंभोवती प्रभावळ उमटे. २००५ मध्ये 'फोटोशॉप सीएस २'ने ३२ बिट एकत्रीकरणाची सोय केली. मुक्तस्रोत 'ल्युमिनन्स एचडीआर'मध्ये राइनहार्ड, ड्रागो, फत्ताल आदी संशोधकांच्या प्रसिद्ध पद्धती एकत्र असल्याने त्याच छायाचित्रांवर त्यांची पडताळणी करता येते. राइनहार्ड व सहकाऱ्यांच्या २००२ मधील पद्धतीस अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्सच्या झोन सिस्टिमचा आधार आहे, ही बाब लक्षणीय आहे. 'एनफ्यूज' मात्र २००७ मध्ये मांडल्या गेलेल्या एक्सपोजर फ्यूजन पद्धतीनुसार प्रकाशमापन टाळून प्रत्येक चित्रातील उत्तम भाग थेट एकत्र करते.

या सर्व साधनांत वापरकर्त्यास निवडीला वाव होता. २०१० मध्ये आयफोनवर व २०१३ मध्ये गुगलच्या 'एचडीआर प्लस'द्वारे एकत्रीकरण फोनमध्येच होऊ लागले. निर्णय यंत्राकडे गेला आणि बहुतेकांच्या नजरेआड झाला.

निष्कर्ष :
वरील विवेचनावरून असे दिसते की, सर्वोत्तम सॉफ्टवेअर कोणते, हा प्रश्न हेतूशिवाय अपुरा आहे. मापनासाठी एक, तर कलात्मक परिणामासाठी दुसरे साधन योग्य ठरते. इतिहासाच्या अभ्यासकासाठी मात्र खरी कसोटी वेगळी आहे. शिलालेखाचा मूळ ठसा आणि त्याचे वाचन यांत आपण भेद करतो. तसाच भेद मूळ एक्सपोजर आणि अंतिम एचडीआर चित्र यांत केला पाहिजे. वास्तू वा शिलालेखाचे दस्तऐवजीकरण करताना मूळ एक्सपोजर, सॉफ्टवेअरचे नाव, आवृत्ती आणि वापरलेली मूल्ये यांची नोंद जतन करणे आवश्यक आहे. अन्यथा भावी संशोधकाच्या हाती केवळ वाचन उरेल, मूळ साधन उरणार नाही.