हलक्या शिकारी रायफलीची अचूकता : बेल व कॉर्बेट यांच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :
शस्त्रांच्या इतिहासलेखनात अचूकतेचे श्रेय बहुधा शस्त्रालाच दिले जाते. ते चालविणाऱ्याचा सराव, त्याचे ज्ञान व त्याचा संयम यांस दुय्यम स्थान मिळते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस प्रचारात आलेली हलकी शिकारी रायफल ही समजूत तपासून पाहण्यास उपयुक्त ठरते. प्रस्तुत लेखात .२७५ रिग्बी या रायफलीच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे.

हलक्या रायफलीची पार्श्वभूमी :
१८८४ मध्ये फ्रान्समधील पॉल व्हिएय यांनी धूरविरहित दारू तयार केली. त्यामुळे लहान व्यासाची गोळी अधिक वेगाने फेकणे शक्य झाले. जर्मनीतील माउझर कारखान्याने ७ मिलिमीटर व्यासाचे काडतूस तयार केले व १८९३ मध्ये स्पेनच्या सैन्याने ते स्वीकारले. हेच काडतूस लंडनच्या जॉन रिग्बी कंपनीने .२७५ या नावाने शिकाऱ्यांपुढे आणले. या रायफलीचे वजन साडेतीन किलोच्या आसपास होते, तर मोठ्या जनावरांसाठी वापरल्या जाणाऱ्या .५७७ दुनळी रायफली सहा किलोपर्यंत भरत.

वजन आणि अचूकता :
दिवसभर डोंगर चढणाऱ्यास हलकी रायफल सोयीची असली, तरी नेमबाजीस ती स्वभावतः प्रतिकूल असते. तिचे जडत्व कमी असल्याने श्वासाचा, नाडीचा व चाप ओढणाऱ्या बोटाचा परिणाम नळीच्या टोकावर चटकन दिसतो. पातळ नळी दोन-तीन बारांतच तापते व गोळीचे ठिकाण सरकू शकते. लाकडी दस्ता पावसाळी हवेत फुगला की नळीवरील दाब बदलतो. शिवाय हलक्या रायफलीचा धक्का अधिक जाणवतो आणि त्याच्या धास्तीने नेमबाज बार उडण्यापूर्वीच दचकतो. हा शेवटचा दोष सर्वांत घातक होय.

येथे काडतुसाची निवड निर्णायक ठरते. .५७७ ची गोळी सुमारे ४८.५ ग्रॅमची, तर ७ मिलिमीटरची लांब गोळी सुमारे ११.२ ग्रॅमची होती. वेगातील फरक जमेस धरला तरी पहिल्या गोळीचा संवेग दुसरीच्या जवळजवळ चौपट भरतो. म्हणूनच वजनाने निम्मी असूनही .२७५ रायफल खांद्यास सौम्य वाटे. अचूकता केवळ वजनावर नव्हे, तर वजन व काडतूस यांच्या मेळावर अवलंबून होती.

बेल यांचा अनुभव :
स्कॉटिश शिकारी वॉल्टर बेल (१८८०-१९५४) यांनी आफ्रिकेत हजाराहून अधिक हत्ती मारले व त्यांपैकी बहुसंख्य ७ मिलिमीटरच्या रायफलीने. एवढी लहान गोळी हत्तीस अपुरी, असे समकालीन मत होते. बेल यांनी हत्तीच्या कवट्या कापून मेंदूचे नेमके स्थान अभ्यासले आणि रिकाम्या रायफलीने नेम धरण्याचा सराव सातत्याने केला. गोळी मेंदूपर्यंत वाकडी न होता पोहोचावी म्हणून ते पूर्ण धातुवेष्टित गोळ्या वापरीत. रायफलीची अचूकता त्यांच्या हाती आली ती या अभ्यासातून.

कॉर्बेट यांचा अनुभव :
१९०७ मध्ये जिम कॉर्बेट यांनी चंपावतची नरभक्षक वाघीण मारली. तिच्या नावावर ४३६ बळी नोंदलेले होते. त्या वेळी त्यांच्याजवळ .५०० रायफल व अवघी तीन काडतुसे होती. ती संपल्यावर त्यांनी तहसीलदारांची जुनी बंदूक घेतली. वाघिणीच्या उघड्या तोंडावर धरलेला नेम चुकून गोळी पंजास लागली. वाघीण मेली ती आधीच्या जखमांनी. या कामगिरीबद्दल संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन ह्यूएट यांनी त्यांना .२७५ रिग्बी भेट दिली. २ मे १९२६ च्या रात्री रुद्रप्रयागचा बिबट्या याच हलक्या रायफलीच्या एका गोळीने पडला. विजेरीचा उजेड क्षणभरच मिळाला होता. परंतु त्यामागे आंब्याच्या झाडावरील अनेक रात्रींची प्रतीक्षा होती.

कॉर्बेट यांचे कुमाऊंवरील पहिले गाजलेले पुस्तक १९४४ मध्ये ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसच्या मुंबई शाखेने प्रसिद्ध केले. पुढे त्यांनी ही रायफल याच प्रकाशनसंस्थेस दिली व २०१५ मध्ये ती रिग्बी कंपनीकडे परत गेली.

निष्कर्ष :
१) हलक्या रायफलीची अचूकता हा शस्त्राचा स्वतंत्र गुण नसून रायफल, काडतूस व नेमबाज यांच्या मेळाचे फलित आहे.
२) विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कृत्रिम तंतूंच्या ताठ दस्त्यांमुळे लाकूड फुगण्याचा दोष दूर झाला, दचकण्याचा दोष मात्र सरावानेच जातो.
३) अचूकता नैतिकदृष्ट्या तटस्थ असते. एकाच जातीच्या रायफलीने आफ्रिकेत हस्तिदंतासाठी कळप विरळ केले आणि गढवालात यात्रेकरूंचा मार्ग निर्भय केला. कॉर्बेट उत्तरायुष्यात कॅमेऱ्याकडे वळले व १९३६ च्या राष्ट्रीय उद्यानाच्या स्थापनेस साहाय्यभूत ठरले. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचे युग संपुष्टात आणले. त्यामुळे या रायफलीचा अभ्यास करताना तिने काय साधले याइतकेच, ती कोणाच्या हाती व कोणत्या हेतूने होती, हे पाहणे इतिहासाच्या अभ्यासकास आवश्यक ठरते.