टक्!

लाइट गेली-आली की फ्रिजच्या स्टॅबिलायझरमधून ‘टक्’ असा आवाज येतो ना? तो रिलेचा. बाराएक व्होल्टवरचा किरकोळ प्रवाह गुंडाळीतून जातो, चुंबक पत्री खेचतं आणि 230 व्होल्टचा खटका पडतो. दोन सर्किटांचा एकमेकांना स्पर्शसुद्धा होत नाही.

ही युक्ती अमेरिकेतल्या प्रिन्स्टन कॉलेजच्या जोसेफ हेन्री या मास्तरांची, 1835च्या सुमारासची. लांब तारेतून येताना प्रवाह क्षीण होतो, मग त्याच्याकडून जड काम करून घ्यायचंच कशाला? हेन्रींनी त्याला फक्त दुसऱ्या सर्किटचा खटका हलवायला लावला. त्या सर्किटातल्या दणकट चुंबकाला भलंमोठं वजन लटकलेलं असे. दुरून इशारा आला की ते धाडकन खाली! वर्गातली पोरं काय दचकत असतील.

पेटंट मात्र त्यांनी घेतलं नाही. उलट 1842मध्ये मोर्सला पाठिंब्याचं पत्र लिहून दिलं. 1844मध्ये वॉशिंग्टन-बाल्टिमोर तार सुरू झाली, रिलेसकट. पुढे हेन्रींना कोर्टात साक्ष द्यावी लागली आणि 1855मध्ये मोर्सने हेन्रींविरुद्ध चक्क पुस्तिकाच छापली. मला हे फार लागलं. 1857मध्ये स्मिथसोनियनच्या समितीने हेन्रींची बाजू उचलून धरली खरी, पण त्या संस्थेचे सचिव तेव्हा हेन्रीच होते!