लोह-गार्नेट आणि दुर्मिळ मृदा मूलद्रव्ये : एका संशोधनाचा इतिहास

नवरत्नांतील गोमेद हा गार्नेट कुळातील खडा. त्याच स्फटिकरचनेचे, परंतु सिलिकॉनऐवजी लोह असलेले यिट्रियम लोह-गार्नेट १९५६ साली फ्रान्समध्ये ग्रेनोबल येथे बर्टो व फोरा यांनी तयार केले. लगोलग अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत गेलर व गिलेओ हेही स्वतंत्रपणे तेथेच पोहोचले.

या पदार्थाचे चुंबकत्व म्हणजे एक वजाबाकी आहे. रेणुसूत्रातील पाच लोह-आयनांपैकी तीन एका दिशेने, तर दोन विरुद्ध दिशेने रोखलेले असतात. प्रत्येकाचे आघूर्ण ५ बोर मॅग्नेटॉन असल्याने शिल्लकही ५ राहते. यिट्रियम स्वतः अचुंबकीय आहे. त्याच्या जागी गॅडोलिनियम घातल्यास त्याचे २१ मॅग्नेटॉन लोहाच्या शिलकीविरुद्ध उभे राहतात व निरपेक्ष शून्य तापमानाला बाकी १६ उरते. तापमान वाढू लागताच गॅडोलिनियमची शिस्त लोहाच्या आधी ढळते आणि सुमारे २९० केल्विनला दोन्ही बाजू समतोल होऊन एकूण चुंबकन शून्य होते. लुई नेएल यांच्या १९४८ च्या सिद्धांताला याहून बोलका पुरावा क्वचितच मिळाला असेल.

चुंबकीय क्षेत्रात प्रकाशाचे ध्रुवण-प्रतल फिरते, हे फॅरडे यांनी १८४५ मध्ये दाखविले होते. १९५८ मध्ये डिलन यांनी गार्नेटच्या पातळ चकतीतून आरपार जाणाऱ्या प्रकाशात चुंबकीय क्षेत्रखंड प्रत्यक्ष पाहिले. पुढे बिस्मथच्या प्रतिस्थापनाने हे परिवलन कितीतरी वाढले. प्रकाशतंतू-संदेशवहनात लेसरकडे परतणारा प्रकाश अडविणारे साधन त्यातूनच घडले.

भारतात १९५० साली 'इंडियन रेअर अर्थ्स' ही संस्था स्थापन झाली. पण केरळच्या मोनाझाइट वाळूत भर आहे तो लँथॅनम, सिरियम व निओडिमियमचा. आणि नेमकी हीच मूलद्रव्ये आकाराने मोठी असल्याने त्यांचे पूर्ण लोह-गार्नेट होत नाही. तरीही अल्प प्रमाणातील सिरियम यिट्रियम-गार्नेटमध्ये घातल्यास अवरक्त प्रकाशातील परिवलन लक्षणीय वाढते, ही गोष्ट येथील संशोधकांनी विसरण्याजोगी नाही.

महाराष्ट्रात अशा विरुद्ध दिशांच्या आघूर्णांचा शोध प्रथम फेराइटमध्ये घेतला गेला. जस्त-निकेल फेराइटमधील आघूर्णे परस्परांशी कोन करून असतात, हे सत्यमूर्ती, श्रीवास्तव व सहकाऱ्यांनी न्यूट्रॉन विवर्तनाने १९६९ मध्ये प्रसिद्ध केले. १९६२ मध्ये स्थापन झालेल्या शिवाजी विद्यापीठातही फेराइट संशोधनाची परंपरा रुजली. गार्नेट मागे राहिले, याचे एक कारण भट्टी असावे. ऑक्साइडची भुकटी कुटून-भाजून गार्नेट करण्यास सुमारे १३५० अंश सेल्सिअसहून अधिक तापमान लागते. फेराइटचे काम त्याहून बरेच कमी तापमानात भागते. कांद्याच्या बाजारपेठेसाठी ओळखल्या जाणाऱ्या लोणंदसारख्या गावातील महाविद्यालयाला हा फरक लहान नव्हे. सायट्रेट सोल-जेल पद्धतीने हीच भुकटी हजार अंशांच्या आसपास तयार होते, आणि न्यूट्रॉन विवर्तनासाठी तुर्भे येथील ध्रुव अणुभट्टीची सोय विद्यापीठीय संशोधकांना अनुदान आयोग व अणुऊर्जा विभाग यांच्या संयुक्त केंद्रामार्फत मिळू शकते.