पाच केबीचा कॉम्प्युटर: टिफ्रॅकची रॅम कशी होती?

लातूरची ट्यूशन संपली, इंजिनिअरिंगला नंबर लागला, आणि आता घरी पहिला डेस्कटॉप जोडायचाय. प्रोसेसर पटकन ठरतो. गाडी अडते ती रॅमवर. ८ जीबी की १६? एक स्टिक की दोन? खिशात पैसे तर तेवढेच.

हाच पेच मुंबईत सत्तर वर्षांपूर्वी टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्चमध्ये पडला होता. आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली तिथली तरुण टीम आपल्याकडचा पहिला मोठा डिजिटल कॉम्प्युटर बनवत होती. नांदेड-लातूर तेव्हा हैदराबाद राज्यात होते. १९५६च्या नोव्हेंबरात मराठवाडा मुंबई राज्यात आला, आणि त्याच वर्षाच्या अखेरीला यांचं छोटं पायलट मशीन चालू झालं. मेमरी किती? १२ बिटांचे २५६ शब्द. बस्स.

तेव्हा जगात मेमरीच्या बऱ्याच तऱ्हा चालायच्या. पाऱ्याच्या नळीत आवाजाच्या लहरी फिरवत ठेवायच्या. नाहीतर पिक्चर ट्यूबच्या काचेवर विजेचे ठिपके उमटवायचे. ते ठिपके लगेच विरतात, म्हणून पुन्हा पुन्हा गिरवावे लागतात. (हसू नका, आजची डीरॅमही सतत रिफ्रेशच करावी लागते.) तिसरी तऱ्हा चुंबकीय ड्रम. कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटने १९५५ साली इंग्लंडहून आणलेल्या एचईसी-२एममध्ये ड्रमच होता. पण हवा तो आकडा ड्रम फिरून समोर येईपर्यंत थांबायचं. स्टँडवर एसटीची वाट बघितल्यासारखं.

मुंबईकरांनी चौथी घेतली: फेराइट कोअर. अमेरिकेत एमआयटीच्या व्हर्लविंडमध्ये ती १९५३ साली बसली होती, म्हणजे अगदी ताजा माल. मला हा निर्णय लई धाडसी वाटतो. बारीक चुंबकीय कड्या तारांच्या जाळीत ओवायच्या, एक कडी म्हणजे एक बिट. आडव्या तारेतून अर्धा करंट, उभ्या तारेतून अर्धा. दोन्ही जिथे भेटतात तेवढीच कडी पलटते. गंमत म्हणजे वाचलं की ते पुसलं जातं, म्हणून वाचून लगेच परत लिहायचं. पण लाइट गेली तरी कडीतलं जात नाही. हे आपल्या रॅमला आजही जमत नाही.

मोठं मशीन १९६० साली रीतसर कामाला लागलं. ४० बिटांचे १०२४ शब्द, म्हणजे ४०,९६० कड्या. हिशोब केला तर बरोबर ५ केबी. तुमची १६ जीबीची स्टिक याच्या ३३ लाख पट भरते. मशीनमध्ये २,७०० व्हॅक्यूम ट्यूब होत्या. १९६२ साली नेहरूंनी त्याला टिफ्रॅक हे नाव दिलं.

आता तुमच्या दोन स्टिकचा मुद्दा. टिफ्रॅक पॅरलल मशीन होतं, शब्दाचे सगळे बिट एकदम हलवायचे. ड्युअल चॅनलमागेही हाच विचार आहे: ६४ बिटांचे दोन रस्ते एकदम उघडायचे. वेगळं ग्राफिक्स कार्ड घेणार नसाल तर ८-८च्या दोन स्टिक घ्या, कारण ग्राफिक्सही त्याच रॅममधून खातं. कार्ड असेल आणि बोर्डवर दोनच स्लॉट असतील, तर १६ची एक घेऊन दुसरा स्लॉट मोकळा ठेवणंही चालतं. गेमिंगला थोडा फटका बसेल, पण पुढे वाढवता येईल.

टिफ्रॅकने जात बरोबर निवडली, आकार मात्र तोकडा पडला. प्रोग्राम मशीनच्या भाषेत, शून्य-एकमध्ये लिहायचे, आणि ते १०२४ शब्दांत कोंबायचे. तोवर बाहेर ट्रान्झिस्टरची मशीनं आली होती. १९६४ साली त्याच संस्थेत सीडीसी ३६०० आलं, ४८ बिटांच्या ३२,७६८ शब्दांचं. मेमरी थेट ३८ पट. आणि तीसुद्धा फेराइट कोअरचीच.