१४. कोपर चाचपून मग बोटांत कागद

हाताच्या नसांची (मज्जातंतूंची) यंत्राविना होणारी तपासणी. कुष्ठरोगाचे जंतू त्वचेलगतच्या, शरीराच्या थंड भागांतील नसांत ठाण मांडतात. हातात बहुधा पहिली सापडते ती अल्नर नस, कोपराच्या आतल्या बाजूला हाडाच्या खोबणीतून जाणारी. तिथे काही आपटले की करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात. ती दुसऱ्या हातातल्यापेक्षा जाड किंवा दुखरी आहे का, हे बोटांनी पाहतात; त्या वेळी नजर रुग्णाच्या चेहऱ्यावर हवी, कारण कळ आधी तिथे दिसते. मग सरळ बोटांच्या बेचक्यात कागद धरायला देऊन ओढतात. तो सहज निसटला तर त्या नसेवरचे स्नायू दुबळे झालेले असतात. अंगठा आणि तर्जनी यांत कागद धरताना अंगठ्याचे टोकाचे पेर वाकणे ही त्याच दुबळेपणाची दुसरी खूण. १९१५ मध्ये फ्रेंच डॉक्टर ज्यूल फ्रोमाँ यांनी ती नोंदवली. तळहात वर करून अंगठा आढ्याकडे उचलणे हे मीडियन नसेचे, मनगट मागे वळवणे हे रेडियल नसेचे काम.

हेमलकसा (ता. भामरागड) येथे समाजसेवक बाबा आमटे यांनी १९७३ मध्ये लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांनी तिथे दवाखाना उभा केला, तेव्हा गावात वीज नव्हती. अशा ठिकाणी यंत्राविना होणाऱ्या या चाचण्यांचे मोल फार मोठे. दुबळेपणा सहा महिन्यांच्या आतला असेल, तर स्टिरॉइडच्या गोळ्यांनी हात पुष्कळदा सुधारतो.