सुवर्णकमळाच्या दिवशी

मयूर विहार फेज वनच्या तुमच्या बाल्कनीसमोर आज मेट्रोचा पूल नाही. खांबसुद्धा नाहीत, ते यायला अजून काही वर्षं आहेत. आज 2 फेब्रुवारी 2005. हातात निमंत्रणपत्रिका आहे: 51 वे राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार, विज्ञान भवन. तुम्ही शाल अंगावर घेता, खाली उतरता आणि ऑटोवाल्याशी मीटरवरून हुज्जत घालून बसता.

निजामुद्दीन पुलाच्या अलीकडे उजव्या हाताला अक्षरधामचं काम चाललंय, गुलाबी दगड उन्हात तापलाय. खाली यमुना. 1954 च्या ऑक्टोबरात इथे आला असतात तर हा पूल नसता, तुमचं मयूर विहारही नसतं. नदीकाठची खादर आणि चिल्ला गावाची शेतं, एवढंच. त्या ऑक्टोबरात दिल्लीत पहिल्यांदा चित्रपटांना सरकारी पुरस्कार दिले गेले आणि देशातल्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं राष्ट्रपती सुवर्णपदक मिळालं ‘श्यामची आई’ला. आचार्य अत्र्यांनी तो स्वतःच काढला होता, दिग्दर्शनही त्यांचंच. त्यानंतर मराठीला तो मान पुन्हा मिळायला पन्नास वर्षं लागली. आज तो ‘श्वास’ला मिळतोय, तुम्ही त्यासाठीच निघालाय.

विज्ञान भवनाच्या दाराची कमान अजिंठ्याच्या चैत्याची आहे. मराठी माणसाला ती लगेच ओळखू येते आणि उगाच धीर येतो. तपासणी होते, तुम्ही आत जाता, मागची एक खुर्ची धरता.

समोर मृणाल सेन बसलेत. वय 81, आज फाळके पुरस्कार त्यांचा. ‘भुवन शोम’ त्यांनी सरकारी फिल्म फायनान्स कॉर्पोरेशनच्या कर्जावर केला होता. स्टुडिओ आणि स्टार यांच्याशिवाय सिनेमा उभा राहतो हे त्या एका चित्रपटाने कितीतरी जणांना पटवलं. आज ‘मुन्नाभाई’लाही पुरस्कार आहे, अभिनेता विक्रम आहे, अभिनेत्री मीरा जास्मिन आहे. तुमचं लक्ष मात्र पुण्याच्या एका शाळकरी पोरावर. अश्विन चितळे. ‘श्वास’मधला परशुराम.

नाव पुकारलं जातं. अश्विन आणि केरळचा कालिदास जयराम, बालकलाकाराचं रजतकमळ दोघांत मिळून. राष्ट्रपती अब्दुल कलाम पदक देतात. पडद्यावर हाच मुलगा कोकणातल्या गावातून आजोबांचं बोट धरून शहरातल्या इस्पितळात आला होता. डोळ्यांचा कर्करोग, जीव वाचवायचा तर दृष्टी जाणार. आणि ऑपरेशनच्या आधी आजोबा त्याला इस्पितळातून गुपचूप बाहेर काढतात, जग एकदा डोळे भरून बघू दे म्हणून. त्या एका दिवसासाठी अख्खा चित्रपट जीव गोळा करत असतो. हुंदक्यांचं संगीत नाही, नुसतं पोराचं बघणं आहे. असं संयत मराठीत फार थोड्यांनी केलंय.

मग सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं सुवर्णकमळ. ‘श्वास’चे दिग्दर्शक संदीप सावंत उठतात, त्यांचा हा पहिलाच चित्रपट. आजोबा झालेले अरुण नलावडे निर्मितीतही होते. माधवी घारपुरेंची एक कथा, हौसेने जमलेली माणसं, पदरमोड. टाळ्या थांबत नाहीत. आठच दिवसांपूर्वी, 25 जानेवारीला, ऑस्करची नामांकनं जाहीर झाली आणि भारताने पाठवलेला ‘श्वास’ त्यांत नव्हता. महाराष्ट्रात लोकांनी त्या ऑस्करवारीसाठी वर्गणी काढली होती. ती हळहळ अजून ताजी आहे. तरी तुम्हाला वाटतं, आजचं हे कमळ त्याहून खोल रुजणार आहे.

कारण तुम्हाला पुढचं ठाऊक आहे. दहा वर्षांनी, 3 मे 2015 ला, चैतन्य ताम्हाणेचा ‘कोर्ट’ सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरून सुवर्णकमळ घेईल. 2017 मध्ये सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘कासव’. ‘श्वास’ धरून या तिन्ही चित्रपटांतल्या एकामागेही मोठी कंपनी नाही.

आणि हेही ठाऊक आहे की, आज व्यासपीठावरून उतरणाऱ्या सावंतांचा पुढचा चित्रपट, कोकणातल्या एका छोट्या नदीवरचा ‘नदी वाहते’, प्रेक्षकांपर्यंत यायला 2017 उजाडणार आहे. देशातल्या सर्वोच्च पुरस्कारानंतर तब्बल 12 वर्षांचं अंतर! याचा राग यायला हवा. पदक देताना सगळे उभे राहतात. पुढच्या चित्रपटाला पैसा आणि थिएटर कोण देतं? स्वतंत्रपणे सिनेमा करणाऱ्याचं खरं भांडण तिथे आहे, आणि ते अजून मिटलेलं नाही.

समारंभ संपतो. गर्दी दाराकडे रेटते, तुम्ही उलट्या दिशेने घुसता. सावंतांभोवती कडं आहे. 12 वर्षांचं ते अंतर ओठांवर येतं, तुम्ही गिळता. हात पुढे करता, अभिनंदन म्हणता, आणि पुढे एवढंच: ‘पुढचा पिक्चर लागला की आम्ही पहिल्याच आठवड्यात तिकीट काढून येऊ, बरोबर चार माणसं घेऊन.’